पहिले काही आठवडे : एचआयव्ही शरीरात शिरतो तेव्हा

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, रक्तदान शिबिराच्या आदल्या संध्याकाळी मंडळाच्या मांडवात झालेले भाषण. वक्ते रेल्वेत सीनियर सेक्शन इंजिनिअर असून मंडळाचे जुने सभासद आहेत.)



आरती झाली, प्रसाद वाटून झाला, आता पुढचा अर्धा तास तुम्ही माझ्या तावडीत आहात. या व्यासपीठावर दरवर्षी प्राध्यापक, डॉक्टर, कीर्तनकार बोलून जातात. यंदा कार्यकारिणीने मला उभे केले. मी डिप्लोमा केलेला रुळांचा माणूस. त्यामुळे जे सांगीन ते रुळावरच्या भाषेत सांगीन. डॉक्टरसाहेब पहिल्या रांगेत बसलेले आहेत, कुठे घसरलो तर त्यांनी लाल झेंडी दाखवावी.

विषय एचआयव्हीचा आहे. गणपतीपुढे हा विषय कशाला, असे काहींना वाटले असेल. लोकमान्यांनी उत्सवाला सार्वजनिक रूप दिले तेव्हापासून व्याख्याने हा उत्सवाचा भाग आहे, आणि जे घरात बोलले जात नाही ते मांडवात बोलावे हीच त्यामागची रीत आहे. मुले बसली आहेत, त्यांना बसू द्या. दहावी-बारावीच्या मुलांनी तर अवश्य ऐकावे.

आपल्या शिबिरात मी बरीच वर्षे नोंदणीच्या टेबलावर बसतो. जवळजवळ दरवर्षी एखादा तरुण फॉर्म भरताना हळूच विचारतो, "भाऊ, रक्त दिले की एचआयव्हीची टेस्ट आपोआप होते ना? रिपोर्ट कळेल ना?" त्याच्या मनात काय आहे ते समजते. कुठेतरी धाकधूक आहे, दवाखान्यात जायला लाज वाटते, म्हणून रक्तदानाच्या निमित्ताने परस्पर खात्री करून घ्यायची. हेतू वाईट नसतो, पण यात दोन जिवांना धोका आहे. एक ज्याला ते रक्त चढेल त्याला, आणि दुसरा त्या तरुणाला स्वतःला. का, ते समजण्यासाठी हा विषाणू शरीरात शिरल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काय करतो ते पाहावे लागेल.

प्रथम आपल्या शरीराची संरक्षणव्यवस्था. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात एवढे शाळेत शिकलो. पण या पेशींत कामाची वाटणी आहे. काही पेशी पहारेकरी, त्या त्वचेखाली आणि आतल्या नाजूक अस्तरात फिरत असतात. सीडी-८ नावाच्या पेशी म्हणजे आरपीएफ समजा, रोगग्रस्त पेशी शोधून मारणाऱ्या. बी पेशी म्हणजे कारखाना, त्या प्रतिपिंडे बनवतात, ज्यांना आपण अँटिबॉडी म्हणतो. आणि या सगळ्यांना सांभाळणाऱ्या पेशी म्हणजे सीडी-४.

रेल्वेतल्या मंडळींना सेक्शन कंट्रोलर माहीत आहे. तो स्वतः इंजिन चालवत नाही, झेंडी दाखवत नाही, पण कोणती गाडी कुठे थांबवायची आणि कोणती आधी काढायची ते तोच सांगतो. कंट्रोल बंद पडले तर गाड्या, ड्रायव्हर, स्टेशनमास्तर सगळे जागेवर असूनही सेक्शन ठप्प होतो. सीडी-४ पेशी म्हणजे शरीराचे कंट्रोल ऑफिस. एचआयव्ही नेमका तिथेच शिरतो.

पेशीत शिरायला त्याला दोन कड्या लागतात. एक सीडी-४ नावाचे प्रथिन, जे या पेशींच्या अंगावरच असते. दुसरी सीसीआर-५ नावाची. दोन्ही धरल्या की विषाणू पेशीला चिकटतो, आत उतरतो आणि आपला मजकूर पेशीच्या डीएनएमध्ये शिवून टाकतो. मग ती पेशी आपले काम सोडून विषाणूच्या प्रती काढू लागते.

आता दिवस मोजू. लैंगिक संबंधातून संसर्ग होतो तेव्हा बहुतेक वेळा एकाच विषाणूपासून पुढची सारी पिलावळ होते, असे जनुकीय तपासणीतून दिसले आहे. पहिले साधारण दहा दिवस तो आतल्या अस्तरात आणि जवळच्या लसिका ग्रंथीत थोडा थोडा वाढतो. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते ना, त्याच या ग्रंथी. गंमत अशी की पहारेकरी पेशी त्याला पकडतात आणि "हा बघा परका" म्हणून दाखवायला ग्रंथीत घेऊन जातात. तिथे सीडी-४ पेशींची दाटी असते, म्हणजे चोराला धरून थेट तिजोरीच्या खोलीत नेऊन सोडल्यासारखे होते. या दहा दिवसांत रक्ताची कोणतीही चाचणी करा, काही सापडत नाही. माणसालाही काही जाणवत नाही.

त्यानंतर विषाणू रक्तात उतरतो आणि झपाट्याने वाढतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास एका मिलिलिटर रक्तात, म्हणजे पंधरा-वीस थेंबांत, दहा लाख किंवा त्याहून जास्त विषाणू असू शकतात. या काळात बऱ्याच जणांना ताप येतो, घसा दुखतो, अंगावर पुरळ उठते, गाठी सुजतात. आपल्याकडे पावसाळ्यात असा ताप कोणाला येत नाही? "व्हायरल आहे" म्हणून गोळ्या घेतो, आठवडा-दोन आठवड्यांत बरे वाटते, माणूस ड्यूटीवर जातो. काहींना तर तापही येत नाही.

आता या आठवड्यांत आत काय होत असते? शरीरातल्या लिम्फोसाइट पेशींपैकी, म्हणजे सीडी-४, सीडी-८, बी वगैरे सगळ्या मिळून, रक्तात फिरणाऱ्या जेमतेम दोन टक्के असतात. बाकी सगळ्या ग्रंथींत, प्लीहेत आणि फार मोठा वाटा आतड्याच्या अस्तरात. आतड्यावर रोज अन्न आणि जंतूंचा मारा असतो, म्हणून तिथल्या सीडी-४ पेशी सतत जाग्या असतात आणि त्यांच्या अंगावर ती दुसरी कडी, सीसीआर-५, भरपूर असते. विषाणूला याहून सोयीची जागा नाही.

२००४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी नुकताच संसर्ग झालेल्या माणसांच्या आतड्याचे तुकडे तपासले. रक्तातल्या सीडी-४ पेशी बऱ्यापैकी शिल्लक होत्या, पण आतड्यातल्या मोठ्या प्रमाणावर नाहीशा झालेल्या. २००५ साली माकडांवर, त्यांच्यातल्या याच जातीच्या विषाणूचा अभ्यास झाला. त्यात संसर्गाच्या ऐन भरात शरीरभरातल्या ३० ते ६० टक्के स्मृती-सीडी-४ पेशींत विषाणू आढळला, आणि त्यातल्या बहुतेक पेशी पुढच्या चार दिवसांत नष्ट झाल्या. स्मृती पेशी म्हणजे पूर्वी आलेल्या जंतूंची आठवण ठेवणाऱ्या पेशी. एवढे नुकसान पहिल्या महिन्याच्या आत होते.

आमच्या खात्यातले उदाहरण देतो. रूळ वरून आरशासारखा चकाकतो, आणि त्याच्या पोटात तडा असतो. नुसत्या डोळ्यांनी तो दिसत नाही, म्हणून आम्ही रुळावर अल्ट्रासोनिक यंत्र फिरवतो. रक्तातली सीडी-४ ची संख्या म्हणजे रुळाचा वरचा भाग. ती साधारण ५०० ते १५०० असते. पहिल्या महिन्यात ती घसरते आणि नंतर बरीचशी वर येते. कागदावर सगळे ठीक दिसते. आतड्यातली संख्या मात्र तशी भरून येत नाही.

सगळ्याच पेशी विषाणूच्या प्रती काढता काढता मरत असतील असे आपल्याला वाटते. पण २०१४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन संस्थेतल्या संशोधकांनी टॉन्सिलसारख्या ऊतींवर प्रयोग करून वेगळेच दाखवले. तिथे मरणाऱ्या सीडी-४ पेशींपैकी ९५ टक्क्यांहून जास्त पेशींत विषाणू नीट वाढलेलाच नव्हता. तो आत शिरला आणि अर्ध्यावर अडकला. पेशीला त्याचे अर्धवट तुकडे कळले आणि तिने स्वतःलाच पेटवून घेतले. पेशी फुटते तेव्हा आतले दाहक पदार्थ बाहेर सांडतात. त्या जळक्या वासाने आणखी सीडी-४ पेशी मदतीला धावत येतात, आणि त्याही सापडतात. शेजारच्या घराला आग लागावी आणि विझवायला येणाऱ्यानेही त्यात होरपळावे, तसा प्रकार.

बाकीचे सैन्य स्वस्थ बसत नाही. आरपीएफ, म्हणजे सीडी-८ पेशी, दोन-तीन आठवड्यांत तयार होऊन विषाणूग्रस्त पेशी मारू लागतात. त्यामुळेच विषाणूचे प्रमाण शिखरावरून खाली येते आणि काही महिन्यांत एका पातळीवर स्थिरावते. ही पातळी जितकी वर, तितका रोग पुढे लवकर बळावतो. पण विषाणू प्रती काढताना फार चुका करतो, आणि त्याच चुका त्याच्या पथ्यावर पडतात. दर वेळी चेहरा थोडा बदललेला. सीडी-८ ने ओळखपत्र तपासावे तोवर नवे ओळखपत्र तयार. प्रतिपिंडांचेही तेच. बी पेशींचा कारखाना जोरात चालतो, पण पुष्कळसा माल निरुपयोगी, कारण काय बनवायचे ते सांगणारे कंट्रोलरच कमी झालेले असतात.

आता आतड्याकडे परत येऊ. तिथे सीडी-४ पेशींची एक खास तुकडी असते, तिला टीएच-१७ म्हणतात. आतड्याची भिंत धड ठेवणे आणि जंतू आतड्यातच रोखणे हे तिचे काम. ही तुकडी लवकर बळी पडते. मग भिंत झिरपू लागते आणि जंतूंचे तुकडे रक्तात उतरतात. २००६ साली हे रक्ताच्या तपासणीतून दाखवले गेले. परिणाम असा की संरक्षणव्यवस्था रात्रंदिवस जागी राहते. पोलिसांना वर्षानुवर्षे एकही सुट्टी न देता बंदोबस्तावर ठेवले तर जे होईल ते होते. पेशी थकतात, आणि जागी झालेली प्रत्येक सीडी-४ पेशी विषाणूला नवे खाद्य ठरते. औषध घेतले नाही तर असे साधारण आठ-दहा वर्षे चालते, तोवर माणूस वरून ठणठणीत. मग टीबी, न्यूमोनिया यांसारखे आजार गाठतात. त्या अवस्थेला एड्स म्हणतात. एचआयव्ही असणे आणि एड्स होणे यांत एवढे अंतर आहे, हे लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट पहिल्या दिवसांतच होते. ज्या पेशींत विषाणूने मजकूर शिवला, त्यांतल्या काही मरत नाहीत, झोपी जातात. झोपलेल्या पेशीत विषाणूही गप्प. त्याला औषध पोचत नाही, सीडी-८ ला तो दिसत नाही. २०१० साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात जन्मलेल्या एका बाळाला जन्मानंतर तीस तासांच्या आसपास औषधे सुरू केली होती. पुढे औषधे थांबूनही दोन वर्षांहून जास्त काळ विषाणू दिसला नाही. जगभर आनंद झाला. २०१४ च्या जुलैत तो परत आला. बँकॉकमध्ये तर प्रतिपिंडे तयार होण्याच्याही आधी, अगदी पहिल्या टप्प्यात औषधे सुरू केलेल्या आठ जणांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती थांबवून पाहिली. आठही जणांत विषाणू परत आला, बहुतेकांत महिन्याभरातच. २०१८ साली हे प्रसिद्ध झाले. म्हणून ही औषधे जन्मभर घ्यायची असतात, बरे वाटते म्हणून मध्येच सोडायची नसतात.

हे ऐकून कोणी म्हणेल, पहिल्या महिन्यातच एवढे होणार असेल तर पुढे औषध घेऊन काय उपयोग? फार उपयोग आहे. औषध जितके लवकर, तितके झोपलेले विषाणू कमी, आतड्याची भिंत जास्त शाबूत, कंट्रोलर जास्त शिल्लक. पूर्वी आपल्याकडे सीडी-४ संख्या २०० च्या खाली गेल्यावर औषध द्यायचे, मग ३५०, मग ५००. २०१५ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा निकाल आला. संख्या ५०० च्या वर असलेले ४६८५ लोक होते. निम्म्यांना लगेच औषध दिले, निम्म्यांना संख्या घसरेपर्यंत थांबवले. लगेच औषध घेणाऱ्यांत गंभीर आजार किंवा मृत्यू ४२ जणांना, थांबलेल्यांत ९६ जणांना. त्यानंतर थांबण्याला अर्थ उरला नाही. २०१७ पासून भारत सरकारचे धोरण असे आहे की चाचणी पॉझिटिव्ह आली की संख्या कितीही असो, औषध सुरू. तेही सरकारी एआरटी केंद्रात मोफत.

दुसरा फायदा घरच्यांचा. २०११ साली नऊ देशांतल्या १७६३ जोडप्यांच्या अभ्यासातून दिसले की लवकर औषध घेतल्याने जोडीदाराला संसर्ग जाण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांनी घटले. या अभ्यासात आपल्या देशातली पुणे आणि चेन्नई ही केंद्रे होती. पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, आणि चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन यांची संस्था. नियमित औषधाने रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही, हे आता पक्के झाले आहे.

सुनीतीताईंबद्दल इथे दोन शब्द बोललेच पाहिजेत. माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. म्हणजे आपल्यासारख्याच मुलखाबाहेरच्या मराठी. मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक असताना १९८६ साली त्या आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी भारतातले पहिले एचआयव्ही संसर्ग शोधून काढले. तेव्हा "आपल्या देशात असले काही नाही" असे म्हणणारे पुष्कळ होते. १९९३ मध्ये त्यांनी संस्था काढली, आणि जिथे रुग्णाला हात लावायला लोक कचरत होते तिथे त्याला जवळ बसवून घेतले. २०१५ मध्ये त्या गेल्या, २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. परमुलखात राहून तिथल्या लोकांसाठी काय करता येते याचे हे उदाहरण.

आता उद्याच्या शिबिराबद्दल. विषाणू शिरला पण चाचणीत दिसत नाही, त्या काळाला विंडो पिरियड म्हणतात. नुसती प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचणीला संसर्ग सापडायला तीन ते बारा आठवडे लागू शकतात. विषाणूचे प्रथिनही शोधणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीला साधारण अडीच ते साडेसहा आठवडे. थेट विषाणू शोधणारी नॅट नावाची चाचणी सर्वांत लवकर सांगते, पण तिलाही पहिले दहा दिवस काही दिसत नाही, आणि ती प्रत्येक रक्तपेढीत होतेच असे नाही. आणि नेमके याच आठवड्यांत रक्तात विषाणू सर्वांत जास्त असतात. एका पिशवीतून लाल पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा वेगळे काढून तीन रुग्णांना देता येतात. तेव्हा मनात शंका असणाऱ्याने टेस्टसाठी रक्तदान करू नये. आणि त्याचे स्वतःचे नुकसान असे की एवढ्यात आलेला "निगेटिव्ह" पाहून तो निर्धास्त होतो, परत तपासत नाही, आणि औषधाचे सर्वांत मोलाचे दिवस हातचे जातात.

मग त्याने करायचे काय? तीन गोष्टी सांगतो. पहिली, जोखीम नुकतीच, बहात्तर तासांच्या आत झाली असेल, सुई टोचली असेल, असुरक्षित संबंध आला असेल किंवा अत्याचार झाला असेल, तर तडक सरकारी रुग्णालय गाठा. अठ्ठावीस दिवसांचे औषध असते, ते संसर्ग बसण्याआधीच रोखू शकते. जितके लवकर तितके चांगले, दोन दिवस विचार करीत बसू नका. दुसरी, त्याहून जास्त दिवस झाले असतील तर सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात जा. चाचणी मोफत असते, नाव गुप्त राहते. तारीख खरी सांगा, आणि तीन महिने पूर्ण झाल्यावर चाचणी पुन्हा करा. तिसरी, कोणाशी बोलायचे कळत नसेल तर १०९७ हा मोफत क्रमांक लावा.

राहिला प्रश्न आपल्या वागण्याचा. आमच्या खात्यात एका ट्रॅकमनला संसर्ग असल्याचे कसे कोण जाणे फुटले, आणि गँगमधल्या काहींनी त्याच्याबरोबर डबा खाणे सोडले. समुपदेशकाला बोलावून सगळ्यांना बसवून समजावले, तेव्हा कुठे घडी बसली. ज्याला असे वाळीत टाकण्याची भीती वाटते, तो चाचणी करायला पहिल्या महिन्यात कशाला जाईल? तो वाट पाहील, आणि आत कंट्रोल ऑफिस जळत राहील. एकत्र जेवल्याने, हात मिळवल्याने, डासाने, एकाच नळाचे पाणी प्यायल्याने हा विषाणू जात नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून देशात कायदाही लागू आहे. एचआयव्ही असल्याच्या कारणावरून नोकरीत, शाळेत, दवाखान्यात, घर भाड्याने देण्यात भेदभाव करता येत नाही, आणि संमतीशिवाय कोणाची चाचणी करता येत नाही की नाव सांगता येत नाही.

२००७ च्या १ डिसेंबरला दिल्लीच्या सफदरजंग स्थानकावरून रेड रिबन एक्सप्रेस निघाली होती. एचआयव्हीची माहिती घेऊन देशभर फिरणारी गाडी. आमच्यातल्या अनेकांना या विषयाची पहिली नीट ओळख तिच्या डब्यांतल्या चित्रांतून झाली. ती गाडी आता धावत नाही, पण २०२३ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या आयुष्यात ते पहिले काही आठवडे येऊन गेले आहेत.

उद्या सकाळी नऊला शिबिर सुरू होईल. निरोगी मंडळींनी जरूर यावे, नाश्ता मंडळातर्फे आहे. फॉर्मवरचे प्रश्न वाचून खरी उत्तरे द्या. एखाद्याला उत्तर देणे अडचणीचे वाटले तर त्याने काही न बोलता परत जावे. आम्ही टेबलावर बसणारे कोणालाही कारण विचारणार नाही, आणि इतरांनीही विचारू नये, एवढी विनंती.

 गणपती बाप्पा मोरया!